रविवारचं तिकीट : क्रिकेट मंडळाला सांगलीहून खुलं पत्र

सांगली, 29 नोव्हेंबर 2025

प्रति,
भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे पदाधिकारी
आणि पुरुष संघाची निवड समिती, मुंबई

सप्रेम नमस्कार.

पत्र मराठीत लिहितोय. निवड समितीचे अध्यक्ष अजित आगरकर मुंबईचे, त्यांना ते कुणाकडून वाचून घ्यावं लागणार नाही. बाकीच्यांना त्यांनी समजावून सांगावं. तुमच्या टपालाच्या ढिगात हे पत्र कुणी उघडेल असं मला वाटत नाही, म्हणून सगळ्यांच्या देखत लिहायला बसलोय.

आधी मी कोण ते सांगतो. सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत पेढीवर मी दिवाणजी आहे. हळदीचे सौदे झाले की पट्ट्या करायच्या, हमाली-तोलाई वजा करायची, रोजमेळ जुळवायचा, हे माझं काम. रविवारी यार्ड बंद असतं, त्या दिवशी मी मैदानावर स्कोअरर असतो. मानधन मिळालं तर मिळालं, चहा आणि भडंग मात्र ठरलेलं. याशिवाय एक खूळ आहे. भारताची कसोटी असली की मी ती घरी बसून वहीत उतरवतो. पहिली वही 1999 च्या चेन्नईची. पाकिस्तानविरुद्ध 271 करायच्या होत्या, सचिनने 136 केल्या आणि आपण 12 धावांनी हरलो. शेवटच्या ओळीवर शाईचा डाग आहे, तो कशाचा ते सांगत नाही. त्या दिवशी चेन्नईच्या लोकांनी उभं राहून पाकिस्तानच्या संघाला टाळ्या दिल्या होत्या. तेव्हा हरणं म्हणजे काय हे आम्हाला शिकवायला जाऊ नका. आम्ही हरलेल्या सामन्यांवरच मोठे झालो.

परवाचा दक्षिण आफ्रिकेविरुद्धचा मालिकेतला दुसरा आणि शेवटचा, गुवाहाटीचा सामना मी पाचही दिवस लिहिला. नोव्हेंबरात हळदीची आवक कमी असते, त्यामुळे खतावणीच्या आडोशाला मोबाइल उभा करून ठेवता येतो. मालकांना माहीत आहे, ते बोलत नाहीत. तिकडे दिवस लवकर मावळतो म्हणून तुम्ही आधी चहापान आणि मग उपाहार ठेवलात. माझ्या वहीत छापलेला क्रम उलटा, मी पाचही दिवस खाडाखोड करत बसलो. असो, ते फारसं मनावर घेतलेलं नाही.

मनाला लागलं ते वेगळंच. दक्षिण आफ्रिकेने 151 षटकं खेळून 489 केल्या. आपण 1 बाद 95 होतो, तिथून 7 बाद 122 झालो. आणि मग कुलदीप यादव खेळायला आला. धाव न निघालेल्या चेंडूचा ठिपका मी फलंदाजाच्या ओळीतही घालतो, त्याशिवाय तो किती चेंडू खेळला ते कळत नाही. कुलदीपची ओळ पुरेना. बाण काढून खालच्या मोकळ्या जागेत गेलो, तीही भरली, शेवटी समासात उभे ठिपके घालत बसलो. 134 चेंडू आणि 19 धावा. त्याने आणि वॉशिंग्टन सुंदरने आठव्या विकेटसाठी 72 जोडल्या. आपल्या डावात सगळ्यात जास्त चेंडू खेळला तो नवव्या नंबरचा माणूस, ज्याला तुम्ही बळी घ्यायला संघात ठेवता. वरच्या सहा जणांच्या ओळी माझ्या वहीत मोकळ्या पडल्यात. त्या मोकळ्या जागेबद्दल हे पत्र आहे.

549 चं लक्ष्य, 140 ला सगळे बाद, 408 धावांनी पराभव. धावांच्या हिशेबात हा भारताचा आजवरचा सगळ्यात मोठा पराभव. आधीचा 342 चा होता, नागपूरला, 2004 साली. मालिका 0-2. त्याच्या आदल्या वर्षी न्यूझीलंडने येऊन 0-3 केलं होतं, म्हणजे तेरा महिन्यांत घरच्या दोन मालिका आणि पाच सामने गेले.

आता कुणी म्हणेल, दक्षिण आफ्रिका जगज्जेती आहे, जूनमध्येच त्यांनी कसोटी अजिंक्यपद घेतलंय, त्यांच्याकडून हरलो तर एवढं काय. मान्य. सायमन हार्मरने दोन सामन्यांत 17 बळी घेतले, यान्सनने गुवाहाटीत 93 केल्या आणि वर एका डावात सहा गडी बाद केले. चांगले खेळले, जिंकले. त्यांचं कौतुक माझ्या वहीत लाल शाईने लिहिलंय.

आणि सांगलीकराला तर पराभवाची लाज वाटायचं कारणच नाही. विजय हजारे इथले, जन्म 1915 चा, सांगलीतला. 1948 च्या जानेवारीत ॲडलेडला ब्रॅडमनच्या संघासमोर त्यांनी 116 आणि 145 केल्या. एका कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारा पहिला भारतीय. तो सामना आपण डावाने हरलो होतो! चार वर्षांनी लीड्सला दुसऱ्या डावात भारताचा धावफलक होता शून्यावर चार बाद. कर्णधार कोण, तर हजारेच. ते खेळायला गेले, 56 केल्या, फडकरांबरोबर शंभरावर भागीदारी केली, आणि तोही सामना गेला. आमचे अण्णा ही गोष्ट इतक्या वेळा सांगायचे की आई म्हणायची, ‘झालं, आता शून्यावर चार.’ पण अण्णांनी ती कधी पराभवाची म्हणून सांगितली नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत मद्रासला इंग्लंडला हरवून भारताने आयुष्यातली पहिली कसोटी जिंकली होती, तेव्हाही कर्णधार हजारेच. दोन्ही गोष्टी ते एकाच आवाजात सांगायचे.

म्हणून हरल्याचं भांडण नाही. भांडण तिकिटाचं आहे.

गेल्या वर्षी ऑक्टोबरात पुण्याला न्यूझीलंडविरुद्ध कसोटी होती, गुरुवारपासून सुरू. मला सुट्टी फक्त रविवारी, म्हणून माझं आणि भाच्याचं चौथ्या दिवसाचं तिकीट काढलं. भाचा तेव्हा पंधरा वर्षांचा, सलामीला खेळतो, त्याने कसोटी कधी मैदानात बसून पाहिली नव्हती. शनिवारी रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसने निघायचं, पहाटे पुणे, तिथून लोकलने देहूरोड, पुढे रिक्षाने गहुंजे, असा सगळा बेत. ताईने दशम्या केल्या होत्या. भाच्याने लहान वहीवर स्वतःच्या हाताने स्कोअरशीटच्या रेघा आखल्या होत्या, कारण मामा लिहितो तर मीही लिहिणार. शनिवारी संध्याकाळी मी पेढीवरून घरी आलो तर तो पायरीवर बसलेला. ‘मामा, संपली मॅच.’

मिचेल सँटनरने सामन्यात 13 बळी घेतले होते. त्याआधी त्याने कसोटीत एका डावात पाच बळीसुद्धा कधी घेतले नव्हते. आपण 113 धावांनी हरलो. दशम्या आम्ही रविवारी सकाळी घरीच खाल्ल्या. तिकीट अजून माझ्या पाकिटात आहे. पैसे परत मागत नाही, गैरसमज नको.

पुढच्याच आठवड्यात मुंबईची कसोटी, तीही तिसऱ्या दिवशी आटोपली. यंदाची कोलकात्याचीसुद्धा तिसऱ्याच दिवशी. चौथ्या दिवसाचं तिकीट काढणारा माणूस तुमच्या लेखी वेडा ठरायला लागलाय.

आता एकेक तक्रार मांडतो.

पहिली खेळपट्टीची. कोलकात्याच्या पराभवानंतर मुख्य प्रशिक्षक गौतम गंभीर यांनी पत्रकारांसमोर सांगितलं की आम्हाला हवी होती तशीच खेळपट्टी मिळाली. प्रामाणिक माणूस, लपवलं नाही. पण मग हिशेब बघा. त्या सामन्यात दोन्ही संघांचे मिळून चार डाव झाले, 159, 189, 153 आणि 93. अख्ख्या सामन्यात अर्धशतक एकच, तेही त्यांच्या कर्णधाराचं, बावुमाचं. 124 करायला आपण उतरलो आणि 93 ला संपलो. पहिल्या तासापासून हातभर वळणाऱ्या खेळपट्टीवर चांगला फिरकीपटू आणि बरा फिरकीपटू यांत फरक उरत नाही. पुण्याला सँटनर, मुंबईला 11 बळी घेणारा एजाज पटेल, कोलकात्याला हार्मर. पाहुण्यांचा बरा गोलंदाज आपल्या अंगणात येऊन जगात भारी होतो आणि त्याला भारी करायची ऑर्डर आपणच दिलेली असते.

आमच्या यार्डात व्यापारी हळद घेताना नुसतं वरचं पॉलिश बघत नाही. हळकुंड हातात घेतो, कट्‌कन मोडतो आणि आतला रंग बघतो. पाच दिवसांची कसोटी म्हणजे ते मोडणं. तुम्ही मोडायच्या आधीच वजन करून पट्टी फाडताय.

इथे एक जाणता वाचक मला अडवेल. म्हणेल, दिवाणजी, गुवाहाटीची खेळपट्टी तर चांगली होती, सामना पाचव्या दिवशी गेला, मग तिथे का आपटलो? बरोबर. मीही त्याच प्रश्नापाशी दोन रात्री अडकलो. मला वाटतं ते असं, की घरी तीन दिवसांत निकाल लावायची सवय लागली की दीडशे षटकं मैदानात उभं राहून गोलंदाजी करायची आणि मग दमलेल्या पायांनी दिवसभर खेळायची ताकद जाते. ती नुसत्या नेटमध्ये येत नाही. हीच पोरं जुलैत मँचेस्टरला 311 धावांनी मागे होती, दुसऱ्या डावाच्या पहिल्या षटकात शून्यावर दोन बाद, आणि राहुल, गिल, जडेजा, सुंदर यांनी मिळून सामना अनिर्णित ठेवला. दोन शतकं नाबाद. तेव्हा पोरांना खेळता येत नाही असं म्हणण्यात अर्थ नाही. इंग्लंडला पाच सामने झाले, ते पाचही पाचव्या दिवसापर्यंत गेले, तिथे त्यांना सवय झाली. घरी आल्यावर आपण ती मोडली.

दुसरी तक्रार तिसऱ्या नंबरची. द्रविड गेला तेव्हा पुजारा होता. पुजाराला 2023 च्या जूननंतर तुम्ही बाजूला केलंत, ठीक, वय झालं होतं. त्यानंतर त्या जागेवर कोण कोण येऊन गेलं ते मी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलंय आणि ते पान बघून मला आमच्या एका जुन्या बस स्टँडवरच्या चौकशी खिडकीची आठवण होते, दर वेळी नवा माणूस. कोलकात्याला वॉशिंग्टन सुंदर तिसरा. आठवड्याने गुवाहाटीला साई सुदर्शन तिसरा आणि सुंदर आठवा. कोलकात्याला चार फिरकीपटू आणि सहा डावखुरे फलंदाज, समोर हार्मरसारखा ऑफस्पिनर, ज्याचा चेंडू डावखुऱ्यांपासून बाहेर वळतो. थोडं बॅटिंग, थोडं बोलिंग येणारी माणसं गोळा केली की अकरा जणांत पंधरा जणांचं काम होईल हा हिशेब कागदावर जुळतो. माझ्याकडेही असे रोजमेळ येतात, बेरीज बरोबर आणि गल्ल्यात पैसे नाहीत.

सर्फराज खानने बंगळुरूला न्यूझीलंडविरुद्ध 150 केल्या. ती मालिका संपल्यापासून तो भारतासाठी एकही कसोटी खेळलेला नाही. का? असेल काही कारण, फिटनेस असेल, तंत्र असेल. अभिमन्यू ईश्वरन बंगालसाठी वर्षानुवर्षं धावा करतोय, संघाबरोबर देश फिरून आला, टोपी काही मिळाली नाही. त्याला तरी कुणी समोर बसवून सांगितलं असेल अशी आशा आहे. आम्हाला नाही सांगितलं.

तिसरी गोष्ट वेळापत्रकाची, ही थोडक्यात. 8 नोव्हेंबरला आपला संघ ब्रिस्बेनला ट्वेंटी-ट्वेंटीची मालिका संपवत होता. 14 तारखेला कोलकात्यात कसोटी. कर्णधार गिल, बुमरा, अक्षर, सुंदर, सगळे तिकडून इकडे. मध्ये मोकळे पाच दिवस. आमच्याकडे बैलसुद्धा शर्यतीहून आला की दुसऱ्या दिवशी औताला जुंपत नाहीत.

याच्याच पोटात रणजीचं दुखणं आहे. दोन हंगामांपासून तुम्ही रणजी दोन तुकड्यांत खेळवता. आधी पाच फेऱ्या, मग ती गुंडाळायची, मध्ये ट्वेंटी-ट्वेंटी आणि वन-डे, आणि जानेवारीत पुन्हा उरलेली रणजी. उत्तरेत डिसेंबरात धुकं असतं हे कारण मला पटतं. पण लाल चेंडूवर हात बसला न बसला तोच तो काढून घ्यायचा आणि पांढरा हातात द्यायचा, यात कुणाचं भलं होतं? त्यात गंमत अशी की मध्ये जी वन-डे स्पर्धा खेळवता तिला नाव आमच्या विजय हजारेंचं. 1943 च्या पंचरंगी सामन्यात ज्या माणसाने संघाच्या 387 पैकी 309 एकट्याने केल्या, भाऊ विवेकबरोबर 300 ची भागीदारी केली आणि त्यात विवेकचा वाटा 21 धावांचा, त्या माणसाच्या नावाने पन्नास षटकांचा करंडक. नाव दिलंत याबद्दल सांगली ऋणी आहे. पण तो माणूस दिवस दिवस खेळून मोठा झाला, हेही त्या करंडकावर कुठेतरी कोरा. आणि त्या विवेकचे 21 विसरू नका. माझ्यासारख्या स्कोअररला ते 309 पेक्षा जास्त प्रिय आहेत. समोर कुणीतरी ठिपके घालत उभं राहिलं म्हणून 309 झाल्या.

चौथी तक्रार, हिशेबाची. ही मला सगळ्यात जास्त टोचते, कदाचित धंद्यामुळे. गुवाहाटीनंतर मुख्य प्रशिक्षक म्हणाले की दोष सगळ्यांचा आहे आणि त्याची सुरुवात माझ्यापासून होते. चांगलं बोलले. मी त्यांचा राजीनामा मागत नाही. स्टेडियममध्ये त्यांच्याविरुद्ध घोषणा झाल्या, आमच्या गल्लीच्या ग्रुपवर तर खेळाडूंच्या घरच्यांपर्यंत लोक पोचले. मी त्या ग्रुपमधून बाहेर पडलो. अशा शिव्यांनी तुम्हालाच सोयीचं होतं, कारण मग खरा प्रश्न कुणी विचारला तरी तोही शिव्या देणाऱ्यांतला म्हणून बाजूला टाकता येतो.

खरा प्रश्न असा, की 2024 च्या 0-3 नंतर तुम्ही काय शिकलात? बैठक झाली, अशा बातम्या आल्या. ऑस्ट्रेलियातही 1-3 हरल्यावर पुन्हा बैठक. निष्कर्ष काय निघाला, कुणी काय चूक कबूल केली, पुढे काय बदलणार, यातलं एक ओळभर तरी आमच्यापर्यंत आलं का? पुण्याला फसलेलीच खेळपट्टी वर्षाने कोलकात्यात परत मागवली गेली, यावरून मला वाटतं बैठकीत चहाच झाला असावा. आमच्या पेढीवर एखाद्या शेतकऱ्याला पट्टीत दहा किलोचा फरक लागला तर तो भर यार्डात विचारतो आणि मला वही उघडून बोट ठेवून दाखवावं लागतं. तो शेतकरी मला पगार देत नाही. तरी दाखवावं लागतं.

हे सगळं लांब मुंबई-गुवाहाटीत घडतं असं समजू नका. वरचं पाणी खाली झिरपत आमच्यापर्यंत येतं. मी पहिल्यांदा स्कोअरिंगला बसलो तेव्हा इथे दोन दिवसांचे सामने सर्रास व्हायचे, मॅटिंगवर, लाल चेंडूने. आता माझ्या वाट्याला येतात ते आठ-आठ षटकांचे, टेनिस चेंडूचे, रात्री दिव्याखाली. गंमत असते, नाही म्हणत नाही, बक्षिसाला दुचाकी असते. पण गेल्या वर्षभरात मी निर्धाव षटकाचा ‘एम’ किती वेळा काढला असेल? मोजून चार. तेही गोलंदाजाचं कौतुक कमी आणि फलंदाजाला बाहेरून शिव्याच जास्त.

माझा भाचा चेंडू सोडतो. ऑफ स्टंपच्या बाहेरचा चेंडू बॅट वर घेऊन, मान वळवून, शेवटपर्यंत बघत सोडतो. मला ते बघताना काय होतं ते इथे लिहिता येणार नाही. एका ठिकाणी त्याला निवड चाचणीला पाठवलं होतं. प्रत्येकाला बारा चेंडू. त्याने पहिले पाच नीट खेळून काढले, दोन सोडले. बाजूला उभे असलेले सर म्हणाले, ‘बाळा, इथं चेंडू सोडायला नाही, मारायला यायचं.’ त्या सरांचा राग नाही. त्यांना माहीत आहे पुढे काय विकलं जातं. आयपीएलच्या लिलावाच्या टेबलावर सोडलेल्या चेंडूला बोली लागत नाही. आमच्याकडे म्हण आहे, पी हळद अन् हो गोरी. हळदीच्या गावात राहून सांगतो, मृगाच्या आसपास लावलेली हळद काढायला जानेवारी-फेब्रुवारी उजाडतो, मग ती शिजवायची, वाळवायची, पॉलिश करायची. आठ-नऊ महिने रानात थांबल्याशिवाय हळकुंड भरत नाही. बारा चेंडूंत तुम्हाला कसोटीचा सलामीवीर सापडणार नाही.

एक विषय पुरुष संघाच्या निवड समितीचा नाही, पण मंडळाचा आहे, आणि सांगलीहून पत्र लिहून तो टाळला तर मला गावात फिरू देणार नाहीत. स्मृती मानधना सांगलीची. 2 नोव्हेंबरला नवी मुंबईत तिच्या संघाने विश्वचषक जिंकला, त्या रात्री आमच्याकडे फटाके पहाटेपर्यंत चालले. हीच स्मृती 2014 साली इंग्लंडमध्ये पहिली कसोटी खेळली, दुसऱ्या डावात अर्धशतक केलं, आपण जिंकलो. तिथून आजपर्यंत अकरा वर्षांत ती किती कसोटी खेळली असेल? सात. त्यात ऑस्ट्रेलियात गुलाबी चेंडूवर 127, चेन्नईला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध 149. आणि माझ्या वहीप्रमाणे त्या सातांपैकी पाच आपण जिंकल्या, दोन अनिर्णित, हरलो एकही नाही. जो संघ कसोटीत हरत नाही त्याला कसोटीच मिळत नाही. मार्चमध्ये पर्थला एक आहे. एकच.

आता मागण्या. फार नाहीत.

घरच्या मैदानावर खेळपट्टी कशी हवी हे संघाच्या व्यवस्थापनाने सांगायचं नाही, असा लेखी नियम करा. क्युरेटरला फक्त एकच सांगा, पाच दिवस टिकली पाहिजे. चौथ्या दिवशी वळू दे की, आम्हाला आवडतं ते.

मालिका संपली की पंधरा दिवसांत निवड समितीच्या अध्यक्षांनी समोर यावं आणि कोण का आत आला, कोण का बाहेर गेला हे सांगावं. जिंकल्यावरही यावं. आगरकर साहेब, 2003 साली ॲडलेडला तुम्ही सहा बळी घेतलेत तो डाव माझ्या तिसऱ्या वहीत आहे. त्याआधीच्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात तुमच्या नावापुढे ओळीने जी भोपळ्यांची रांग लागली होती तीही आहे. तेव्हा लोकांनी तुमची किती टिंगल केली आणि तुम्ही लॉर्ड्सला शतक काढून काय उत्तर दिलंत, ते तुम्हाला माहीत आहे. लोकांसमोर उभं राहायला तुम्ही घाबराल असं मला वाटत नाही.

घरच्या कसोटी मालिकेआधी, दुखापत नसेल तर, संघातल्या प्रत्येकाने किमान दोन चार-दिवसीय सामने खेळले पाहिजेत. रणजी असो, दुलीप असो. जानेवारीत कोहली दिल्लीकडून रणजी खेळायला उतरला तेव्हा मैदान भरलं होतं आणि तो सहा धावांवर बाद झाला. तरी लोक आले होते ना? बारा वर्षांनी आला होता तो.

तिसऱ्या नंबरला एक नाव ठरवा आणि त्याला एक अख्खं वर्ष द्या. कुणाचं ते तुम्ही ठरवा, माझा हट्ट नाही.

महिला संघाला दर वर्षी निदान तीन कसोटी, त्यातली एक महाराष्ट्रात.

आणि जिल्ह्याजिल्ह्यांतल्या सोळा-सतरा वर्षांच्या पोरांसाठी दोन दिवसांचे सामने परत सुरू होतील इतके लाल चेंडू आणि इतकी मॅट पाठवा. तुमच्या तिजोरीतून ही रक्कम कमी झालेली तुमच्या दिवाणजीच्याही लक्षात येणार नाही.

2027 च्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियाचा संघ पाच कसोटींसाठी आपल्याकडे येतोय. तोपर्यंत वरच्या मागण्यांपैकी अर्ध्या जरी झाल्या तरी मी परत पत्र लिहिणार नाही. नाहीतर लिहीन, वही माझ्याकडे आहेच.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक स्कोअरर
मार्केट यार्ड, सांगली

ता. क. पत्र वाचून झाल्यावर भाच्याने एकच विचारलं. 2027 ला जायचं तर तिकीट कितव्या दिवसाचं काढायचं? रविवार बघून काढू, असं मी सांगितलंय. तो रविवार चौथा दिवस असला तर काय करायचं, तेवढं कळवा.